ठेवीला हात लावलेला नाहीस, म्हणून

प्रिय मुला,

परवा फोनवर पगार, भाडं, हप्ते सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालास, "काकू, कार्डाचे ८०,००० थकलेत, पण दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरतोय. आईबाबांसाठी केलेल्या एफडीला मात्र हात लावलेला नाही." त्या शेवटच्या वाक्यात अभिमान होता. तो मला फार लागला, म्हणून हे पत्र.

तुझं कार्ड महिन्याला साडेतीन टक्के व्याज लावतं. ८०,०००वर २,८०० रुपये झाले, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तुझी एक लाखाची ठेव सात टक्क्यांनी महिन्याला मिळवते ५८३ रुपये. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते. आज कार्डावर भाजी घेतलीस तरी तिच्यावर आजपासून व्याज.

हे गणित तुला येतंच. अडतंय ते दुसरीकडे.

माझी आई पगाराच्या संध्याकाळी फळीवरचे डबे खाली काढायची. तांदळाच्या डब्यात शाळेची फी, डाळीच्या डब्यात दूधवाल्याचे, हिंगाच्या डबीत दिवाळीचे. दिवाळीला काढलेल्या नोटांना हिंगाचा वास यायचा. दूधवाला दारात उभा आणि डाळीच्या डब्यात काही नाही, असं झालं तर ती शेजारून उसने आणायची, पण हिंगाची डबी उघडायची नाही. त्यावर आमचं घर चाललं. पण शेजारच्या वहिनी व्याज घेत नव्हत्या, रे.

रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने पैशाचे असे वेगळे डबे करण्याच्या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. तो तिला मेंटल अकाउंटिंग म्हणतो. २०१७ साली त्याला नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. रुपया तोच असतो, पण पगाराचा आपण जपून खर्चतो, बोनसचा सढळ हाताने, आणि 'आईबाबांसाठी' म्हणून बाजूला काढला की तो देव्हाऱ्यात जाऊन बसतो.

मीही हेच केलंय. सासूबाईंच्या आजारपणात कार्ड वापरलं आणि लेकीच्या शिक्षणाची ठेव असताना चौदा महिने मिनिमम भरत राहिले. ठेव मोडणं म्हणजे लेकीशी बेइमानी वाटायची. एका रात्री सगळी बिलं काढून बेरीज केली, तेव्हा कळलं की व्याजात गेले ते लेकीचेच पैसे होते. मला रडू आलं. तुझ्यावर ती रात्र येऊ नये.

तेव्हा ठेव मोड. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात साधारण एखादा टक्का कापेल, तो कापू दे. कार्ड पूर्ण फेड.

पण पैशाला नाव देणं सोडू नकोस. भिशीत व्याज नाही म्हणून तुझी पिढी तिला हसते. आमच्या भिशीत बारा जणी महिन्याला २,००० टाकायच्या आणि एकीच्या हातात एकदम २४,००० पडायचे. त्यातून शिलाई मशीन आलं, एकीच्या मुलाची कॉलेजची फी गेली. एकटीने घरात साठवायला गेलं की पैसे टिकत नसत; भिशीचा हप्ता चुकला तर अकरा जणींना तोंड दाखवावं लागे. त्या धाकाने जे जमलं ते व्याजाने जमलं नसतं. तुझ्या शहरात तुला अशा अकरा जणी नाहीत. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप वळेल असं आवर्ती ठेवीचं खातं उघड. आज कार्डाला जातंय तेवढंच त्यात जाऊ दे, आणि नाव तेच ठेव, आईबाबा.

मला वाटतं, तुला खरी भीती आहे ती त्यांना सांगायची. रविवारी सकाळी ये. कार्डाची गेल्या सहा महिन्यांची बिलं आणि ठेवीची पावती आण. घरी काय सांगायचं ते आपण दोघं बसून ठरवू, आणि फोन करशील तेव्हा मी शेजारी असेन.

तुझी,
काकू