लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं, फॉरमॅट मारू का?

प्रश्न: सर, माझा लॅपटॉप चार वर्षं जुना आहे, विंडोज १०. नवीन होता तेव्हा पटकन चालू व्हायचा, आता बटण दाबून आंघोळ उरकून आलो तरी रखडलेलाच. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसतो पण ब्राउझरवर क्लिक केलं तर ढिम्म, मग मी वैतागून क्लिक करत राहतो आणि शेवटी पाच खिडक्या एकदम उघडतात. मित्र म्हणतो फॉरमॅट मार, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. मारू का?

उत्तर: एवढ्यात नको. पासवर्ड टाकल्यानंतर रखडतंय हे तुम्हीच लिहिलंय ना, म्हणजे विंडोज बिचारं कधीच उठलेलं असतं, त्याच्या मागून जी वरात येते ती रस्ता अडवतेय. आपण सॉफ्टवेअर टाकताना नेक्स्ट नेक्स्ट करत जातो आणि ते गुपचूप स्वतःचं नाव स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉप चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत घालून घेतं. प्रिंटरवालं, मीटिंगवालं, गेमवालं, गाण्याचं, वर प्रत्येकाचा वेगळा अपडेटर! त्यात तुमच्याकडे एसएसडी (काहीही न फिरणारी वेगवान डिस्क) नसून जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर विचारूच नका, तिचं हेड (वाचणारं टोक) एका वेळी एकाच जागी असतं, दुसरीकडची फाइल आणायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि इथे पंधरा जण एकाच वेळी शेकडो बारक्या फाइली मागत असतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स दाबा, मग वर स्टार्टअप टॅब दिसेल. नको त्या नावावर राइट क्लिक करून डिसेबल, बस. यात काहीही डिलीट होत नाही, तो प्रोग्राम तुम्ही उघडाल तेव्हा पूर्वीसारखाच चालतो, फक्त न बोलावता येत नाही. चुकलात तर तिथेच एनेबल करा.

बाजूला स्टार्टअप इम्पॅक्ट नावाचा कॉलम आहे, त्यात हाय दिसलं की लोक घाबरतात. हाय म्हणजे काय तर सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं. आजकाल मोबाइलचा एक फोटो तेवढा असतो! त्यामुळे मी त्या कॉलमपेक्षा एकच बघतो, ही गोष्ट मला रोज चालू केल्या केल्या लागते का. नसेल तर बंद.

त्याच टॅबच्या वर उजवीकडे बऱ्याच मशीनवर लास्ट बायोस टाइम म्हणून आकडा असतो (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा मूळ प्रोग्राम). तोच वीस-पंचवीस सेकंद असेल तर तेवढा वेळ विंडोज सुरू व्हायच्या आधीच गेलाय, यादीतलं काहीही बंद करून तो कमी होणार नाही.

प्रश्न: मी उत्साहात सगळंच डिसेबल केलं. आता टचपॅडवर तीन बोटांनी काहीच होत नाही आणि वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) नवीन फाइली जात नाहीयेत. बिघडवलं का मी?

उत्तर: नाही हो. टचपॅड, साउंड, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर (तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर) येणारी नावं परत एनेबल करा आणि रीस्टार्ट करा. वनड्राइव्हचं म्हणाल तर तो चालू असला तरच सिंक करतो, रोज वापरत असाल तर राहू द्या. अँटिव्हायरसला हात लावू नका. नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन बघा, कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून बहुतेक वेळा कळतं कोणाचं आहे ते. आणि एका दिवशी दोन-तीनच बंद करत जा, म्हणजे काही अडलं तर कशामुळे ते सापडतं. काही प्रोग्राम अपडेट झाले की पुन्हा यादीत येऊन बसतात, त्यांचा बंदोबस्त त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊनच करावा लागतो.

प्रश्न: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची खिडकी) बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे नंबर ऑफ प्रोसेसर्स वाढवला की दुप्पट वेगाने चालू होतं असा व्हिडिओ बघितला. खरं का?

उत्तर: अजिबात नाही, हा व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतोय. त्या पर्यायाला टिक नसते तेव्हा विंडोज प्रोसेसरचे सगळेच कोअर (काम करणारे भाग) वापरतं, ती सोय कोअर मुद्दाम कमी करून टेस्टिंग करायला आहे. शेजारच्या मॅक्सिमम मेमरीला टिक केली तर रॅमवर मर्यादा येऊन उलट त्रास होतो, केली असेल तर काढा. आणि फरक मोजायचा तर एकदा शटडाउन करून आणि एकदा रीस्टार्ट करून मोजू नका, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, रीस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून. दोन्ही वेळा रीस्टार्टच करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.