मेल नंतर, आधी खोलीत जाऊन ये

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुमच्या वृद्धाश्रमातल्या आजींच्या मुलीने, न्यू जर्सीच्या ताईंनी, लिहिलं की आईबद्दल इतक्या मायेने आजवर कुणी कळवलं नव्हतं, आणि तो मेल तू लिहिलेलाच नाही, चॅटजीपीटीने लिहिलाय, म्हणून तुला झोप नाही. झोप लागली नाही हे बरंच झालं. मला लागायची, त्याचं अजून वाईट वाटतं.

एआय वापरलंस म्हणून मी बोलणार नाही. मराठी मीडियमची मुलगी तू, दिवसाला वीस-पंचवीस मेल, सगळे इंग्रजीत, आणि इथून संध्याकाळी सहाला उत्तर गेलं नाही तर तिकडे सकाळी ऑफिसला निघालेली माणसं दिवसभर जीव मुठीत धरून बसतात. स्पेलिंग, ग्रामर खुशाल करून घे त्याच्याकडून. मी एवढंच विचारतेय, मेल लिहायच्या आधी तू खोलीत गेली होतीस का?

नव्हतीस गेली. मला कळलं, कारण तू त्यात 'एन्जॉयिंग हर मील्स' असं पाठवलंयस.

तू रजिस्टर बघितलंस, त्यात मावशींनी लिहिलं होतं 'जेवण पूर्ण'. मावशी खोटं बोलल्या नाहीत, ताट रिकामंच होतं. पण मागच्या मंगळवारी मी आले होते तेव्हा आजींचा अभ्रा बदलायला घेतला तर आतून पोळीच्या चार घड्या निघाल्या, दोन त्याच दिवशीच्या, दोन वाळून कडक झालेल्या, एकीत गुळाचा खडा. विचारलं तर म्हणाल्या, "शाळेतून येईल ना ती, भुकेली असते." ती म्हणजे ह्याच ताई, पन्नाशी उलटलेल्या. डिमेन्शियात असंच होतं, सकाळचं आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीची दुपार लख्ख असते. मी सिस्टरना सांगितलं होतं, ड्यूटी बदलताना हँडओव्हरमध्ये कुठेतरी राहिलं. मग रजिस्टरमध्ये नाही ते चॅटजीपीटीला कुठून कळणार? ते कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येतो ह्याच्या अंदाजाने लिहितं, त्याने आजींना पाहिलेलं नाही. तू दोन शब्द दिलेस, त्याने त्यावर तीन पॅराग्राफ माया केली, आणि ते दोन शब्दच चुकीचे होते. ताईंच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं गं.

म्हणून म्हणते, आधी खोलीत जा. पाच मिनिटं. उशी बघ, पायांना सूज आहे का बघ, कॉटवर बस. मग लिही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एआय नव्हतं, माझ्याकडे वर्डची एक फाइल होती. नाव आणि तारीख बदलायची की झालं, 'बाबा ठीक आहेत, औषधं वेळेवर चालू आहेत, काळजी नसावी'. एका आजोबांच्या मुलाने विचारलं, आत्ता येऊ की दिवाळीत? मी खुर्चीतून न उठता ती फाइल उघडली. आजोबा तीन दिवस नुसतं पाणी घेत होते, चमचा जवळ आला की तोंड भिंतीकडे करायचे. मुलाने तिकीट दिवाळीचं काढलं आणि शेवटी पोचला तो दहाव्याला. मला काही बोलला नाही, फक्त मोबाईलवर माझा मेल उघडून समोर धरला. साठ माणसं होती, आम्ही दोन सिस्टर, त्या आठवड्यात एक मावशी गावाला गेलेली, हे सगळं खरंय, मी हजार वेळा स्वतःला सांगितलंय आणि अजून सांगते. पण माझ्या टेबलापासून ती खोली बावीस पावलांवर होती. नंतर मोजली मी.

तेव्हापासून खोलीत न जाता एक मेल पाठवला नाही. ऑफिसातून ओरडा बसायचा की उत्तरं उशिरा जातात. जाऊ देत उशिरा! हट्टी म्हणायचे मला, म्हणोत, उशिराच्या मेलने कुणाचा बाप शेवटचा भेटायचा राहिला नाही.

आणि इंग्रजीच कशाला? ताई सदाशिव पेठेत वाढल्यात. 'शाळेतून येईल ना ती' हे वाक्य जसंच्या तसं मराठीत लिही, बाकीचं हवं तर इंग्रजीत. घरच्यांना आपण सजवलेली भाषा नको असते, आपल्या माणसाच्या तोंडचा शब्द हवा असतो.

कुणी पडलं तर मेल नाही, आधी फोन. कधी पडले, कुणी पाहिलं, डोक्याला लागलं का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, डॉक्टर काय म्हणाले, एवढं हातात घेऊन फोन कर. एआयला सांगितलंस तर ते 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' लिहील. आई पडली ही काय गैरसोय आहे का?

आणखी एक, पेशंटचं नाव, आजार, रिपोर्ट त्यात पेस्ट करू नकोस. खासगी माहिती जपायचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कुणाचा डायपर सुटला हे बाहेर सांगायची गोष्ट नाही.

आता ताईंना काय लिहायचं ते मला विचारू नकोस, मी सांगितलं तर ते परत दुसऱ्याचंच होईल. 'मागच्या वेळी मी आईंना न बघता लिहिलं होतं, आज बघून लिहितेय' ही पहिली ओळ मात्र असू दे. रागावतील, रागावू देत.

उद्या नाश्त्याच्या आधी आजींचं वजन कर. मागच्या महिन्यात ४२ होतं. किती भरतं ते मला कळव, आणि पोळ्या सापडल्या तर त्यांच्यासमोर टाकून देऊ नकोस.

तुझी,
सिस्टर