सलग २० टूर्नामेंट हरल्यावर आत्मविश्वास कसा टिकवायचा?

ऑनलाइन पोकरच्या सलग २० टूर्नामेंटमध्ये एकदाही पैशात आला नाहीत आणि आता सोपा हात खेळतानाही धाकधूक होते, असं तुम्ही लिहिलंय. आधी हिशेब बघू. बहुतेक टूर्नामेंटमध्ये १०० पैकी १५च्या आसपास खेळाडूंनाच बक्षीस मिळतं. सगळे सारख्याच ताकदीचे धरले, तर ओळीने २० वेळा रिकाम्या हाताने उठण्याची शक्यता जवळजवळ ४ टक्के निघते. वर्षभर नियमित खेळणाऱ्याच्या वाट्याला हे कधी ना कधी येणारच. त्यामुळे या २० निकालांवरून तुम्ही वाईट खेळता असं ठरत नाही. (चांगलं खेळता असंही ठरत नाही, बरं का.)

हरण्याच्या काळात माणूस चिडून वेडेवाकडे ऑल-इन करतो (सगळ्या चिप्स एकदम लावतो), असं सगळे सांगतात. माझं उलटं झालं, मी भित्रा झालो. एक हात अजून आठवतो. मी बटणवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), स्टॅक म्हणजे हातातल्या चिप्स १० बिग ब्लाइंड (बिग ब्लाइंड म्हणजे दर हाताला एका खेळाडूला पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी रक्कम), माझ्याआधी सगळ्यांनी फोल्ड केलेलं (पत्ते टाकलेले), हातात इस्पिकचा एक्का आणि पंजा. डोळे झाकून ऑल-इन जायची जागा. मी वेळ संपेपर्यंत बघत बसलो आणि पत्ते टाकले. पुढच्या दोन फेऱ्यांत ब्लाइंड आणि अँटी या सक्तीच्या रकमांनीच निम्मा स्टॅक खाल्ला. मग राजा-सत्तीवर ऑल-इन गेलो, रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला) हरलो, आणि नशिबाला शिव्या घातल्या. खरं तर टूर्नामेंट हरलो होतो दोन फेऱ्या आधीच.

तेव्हापासून हँड हिस्ट्री (खेळलेल्या हातांची नोंद) काढली की ज्या हातावर बाहेर पडलो तो मी बघतच नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर फ्लॉपआधी (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) ऑल-इन झालं तर साधारण ८२ टक्के वेळा जिंकते, म्हणजे पाच-सहा वेळांत एकदा मार खाणार. त्यात शिकण्यासारखं काय आहे? बघायचे ते त्याआधीचे, गुपचूप फोल्ड केलेले हात. आत्मविश्वास जातो तो तिथून, आणि परत येतो तोही तिथूनच, कारण "इथे जायला हवं होतं" हे पत्ते उघडण्याआधीच ठरवता येतं.

बँकरोल (पोकरसाठी वेगळे ठेवलेले पैसे) १०० बाय-इनच्या, म्हणजे १०० प्रवेश फीच्या, खाली आला असेल तर एक पायरी खाली, कमी फीच्या टूर्नामेंटमध्ये उतरा, त्यात कमीपणा नाही. बाहेर पडल्या पडल्या रागात लेट रजिस्ट्रेशनचं (आधीच सुरू झालेल्या टूर्नामेंटमध्ये शिरायचं) बटण दाबू नका. आणि घरखर्चाचे किंवा उसने पैसे लावत असाल तर खेळ आजच थांबवा. मग प्रश्न आत्मविश्वासाचा राहिलेला नाही.

तसं नसेल तर शेवटच्या पाच टूर्नामेंट उघडा आणि स्टॅक १५ बिग ब्लाइंडच्या खाली असताना बटणवरून काय काय टाकलंत ते लिहून काढा. दोन-तीन हात इथे टाकलेत तर मीही बघतो.