डिटेक्टरमध्ये पीएचडी करायचीय? विद्यापीठाच्या नावाआधी प्रयोगशाळा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, पार्टिकल डिटेक्टर (सूक्ष्म कण टिपणारी उपकरणं) बनवण्यातच करिअर करायचंय, तर थेट सर्नला (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) अर्ज करावा की जर्मनीतल्या नावाजलेल्या विद्यापीठाला?

सर्न पीएचडीची पदवी देत नाही, ती विद्यापीठच देतं. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरल स्टुडंट योजनेला आपल्याला अर्ज करता येतो, पण त्यासाठीही विद्यापीठाचा आधार लागतोच. तेव्हा आधी विद्यापीठ. मात्र नावावर जाऊ नका. प्राध्यापकांना सरळ विचारा: क्लीनरूम (धूळमुक्त खोली) आणि वायर बाँडर (सेन्सरला बारीक तारा जोडणारं यंत्र) गटाचे स्वतःचे आहेत का, आणि पीएचडीचे विद्यार्थी टेस्ट बीमला (कणांच्या झोतात डिटेक्टर तपासायला) जातात का? हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत १ ते ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन बीम मिळतो. तिथे स्वतः शिफ्ट करायला मिळणार असेल तर तो गट छोट्या गावातला असला तरी घ्या. नाहीतर डिटेक्टरच्या नावाखाली तीन वर्षं नुसतं सिम्युलेशन होतं.

हे काम हाताचं आहे. सिलिकॉन सेन्सर आला की आधी आयव्ही कर्व्ह काढतात: रिव्हर्स बायस (उलट दिशेने दिलेला व्होल्टेज) थोडा थोडा वाढवायचा आणि लीकेज करंट (तरीही झिरपणारा प्रवाह) लिहीत जायचं. करंट मध्येच उसळला तर कडेचा ओरखडा, बोटाचा डाग किंवा दमट हवा, यांपैकी काहीतरी असतं. शेजारी तापमान लिहिलं नसेल तर ते आकडे फुकट, कारण दर ७ अंशांना लीकेज साधारण दुप्पट होतं. म्हणूनच रेडिएशनने थकलेले सेन्सर उणे २०-३० अंशांवर चालवतात. इथे नवखे हमखास एक चूक करतात: सेन्सरच्या बॉक्समध्ये कोरडी हवा पुरेशी फिरायच्या आत कूलिंग सुरू करतात. सेन्सरवर दव धरतं, आणि त्यात बायस चालू असला तर महिन्यांची मेहनत एका मिनिटात जाते. ३०० मायक्रॉन जाडीच्या सेन्सरमधून कण गेला की इलेक्ट्रॉन-होलच्या साधारण २२ ते २४ हजार जोड्याच मिळतात. एवढ्याशा सिग्नलसाठी अर्थिंग नीट नसेल तर दिसतो तो फक्त नॉइज.

यातलं बरंच पुण्यात बसून शिकता येतं, आणि अर्जात त्याचंच वजन पडतं. १० बाय १० सेंटिमीटरचे दोन प्लास्टिक सिंटिलेटर (कण गेला की चमकणाऱ्या पट्ट्या) एकावर एक ठेवा, प्रत्येकाला एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद चमक टिपणारा सेन्सर) लावा आणि कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी आलेले सिग्नल, मोजा. बॉक्स, कनेक्टर, रेझिस्टर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतील. सिंटिलेटर आणि फोटोमल्टिप्लायर विभागाकडून उसने मागा. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत सर्नच्या सीएमएस प्रयोगावर काम करणारा गट आहे, तिथेही विचारून बघा.

आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण १ म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण) पडतो. म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास आकडा हवा, मधलं अंतर वाढवाल तसा तो उतरेल. हजारो आले तर काळ्या टेपमधून उजेड शिरतोय किंवा थ्रेशोल्ड (सिग्नल मोजायची किमान पातळी) खाली आहे. प्रत्येक पॅडल (म्हणजे सिंटिलेटर) सेकंदाला १००० वेळा वाजत असेल आणि पल्स १०० नॅनोसेकंदांचे असतील, तर नुसत्या योगायोगाने मिनिटाला १२ कोइन्सिडन्स येतात. ते वजा करा. आणि एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट वेगवेगळी मोजा: तापमान चढलं की फोटोमल्टिप्लायरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या पुढे तो काम करायला लागतो) वाढतो, बायस तोच ठेवला तर गेन (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) पडतो, वर डार्क काउंट (उजेड नसताना येणारे खोटे सिग्नल) मात्र वाढतात. पुण्यात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एवढा असतो की हा परिणाम आलेखात स्वच्छ दिसतो. एररबारसहित (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघांसह) असा एकच आलेख अर्जाला जोडा. दहा ऑनलाइन सर्टिफिकेटांपेक्षा मला त्याची किंमत जास्त वाटते. सोबत सी प्लस प्लस, पायथन, रूट (डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि जीअँट-४ (कणांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) कामापुरतं यायला हवं.

पैशांचं म्हणाल तर जर्मनीत पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते, टीव्ही-एल ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीत, पण पूर्ण वेळेची क्वचितच. करार किती टक्क्यांचा आणि किती वर्षांचा, हे होकार देण्याआधी लेखी घ्या. पगार पुरेसा असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) गरज सहसा पडत नाही. ट्रान्सक्रिप्टसाठी (अधिकृत गुणपत्रकासाठी) विद्यापीठात आजच अर्ज टाका, ऐनवेळी तिथेच अडकायला होतं.

शेवटची गोष्ट सर्नच्या मुक्कामाची. जर्मन रेसिडेन्स परमिटवर स्वित्झर्लंड किंवा फ्रान्समध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. गट तुम्हाला वर्षभर जिनिव्हाला पाठवणार असेल तर तिथल्या मुक्कामाची वेगळी कागदपत्रं लागतात. राहायची जागा सरहद्दीच्या कुठल्या बाजूला घेणार, त्यावर ती ठरतात, म्हणून घर बघण्याआधी गटाच्या सेक्रेटरीशी बोलून घ्या.