बीसीएएचा डबा घेण्याआधी
रत्नागिरीच्या व्यायामशाळेत तुम्ही नुकतेच येऊ लागला आहात, म्हणून स्पष्टच सांगतो: बीसीएए (ब्रँच्ड-चेन अमिनो आम्ले) या पूरक पावडरीचा डबा तूर्त घेऊ नये. त्या पावडरीत ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीनच अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात. स्नायू बांधण्यासाठी मात्र आहारातूनच मिळणारी नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात, त्यामुळे ल्युसिनने बांधणीला चालना दिली, तरी उरलेली सहा अपुरी असल्यास ती फार पुढे जात नाही. 100 ग्रॅम बांगड्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत ही नऊही येतात. शाकाहारी असाल, तर कुळथाची पिठी आणि भात हा आपल्याकडचा बेत उत्तमच आहे, कारण भातात कमी असलेले लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कुळथातून मिळते. पण पिठी पातळ असते, म्हणून सोबत भरपूर उसळ आणि दही हवेच. नियमित वजने उचलणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. एवढी जेवणातून खरोखरच जमत नसतील, विशेषतः श्रावणात मासे बंद असताना, तर बीसीएएऐवजी व्हे प्रोटीन (दुधातील प्रथिनांची पावडर) घ्यावे, तेही डब्यावरील एफएसएसएआय या भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहूनच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.