कावळा शिवला नाही म्हणून

"वडील गेले, दहा दिवस घरात गरुडपुराण वाचलं, आणि तेव्हापासून झोप उडाली. ते तिथं काय भोगत असतील?" समुपदेशन करताना वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. बहुतेक मुलगेच विचारतात.

त्यातल्या एकाची ही गोष्ट; ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. वय बेचाळीस, कारखान्यात फिटर. वडील दारू प्यायचे, आईला मारायचे. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तर दीड तास कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेले, पण खाली एकही येईना. "लेकीकडं बघू", "आईला अंतर देणार नाही", सगळं कबूल करून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. काका परतताना म्हणाले, "दादाचा जीव कशात तरी अडकलाय." त्या रात्रीपासून याच्या स्वप्नात वैतरणी, यमलोकाच्या वाटेवरची ती नदी.

पहिल्या दोन भेटींत मी पुराणाचा विषयच काढला नाही. झोप, जेवण, कामावर हात थरथरतो का, एवढंच विचारलं. तिसऱ्या भेटीत म्हटलं, "त्यांना शिक्षा व्हावी असं तुम्हाला कधी वाटलं होतं?"

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. "पंधरा वर्षांचा होतो तेव्हा रोज वाटायचं, मॅडम. देवापुढं हात जोडून मागायचो."

म्हणजे आपण मागितलेलं कुणीतरी मंजूर केलं आणि दहा दिवस ते मोठ्यानं वाचून दाखवलं, असं त्याला झालं होतं.

मग तोच चिडून म्हणाला, "एकीकडं म्हणतात नाम घेतलं की पाप जळतं, दुसरीकडं उकळत्या तेलाच्या कढया. देव नक्की कसा आहे?"

मी काही कीर्तनकार नाही. पण आजोबा भागवत वाचायचे, त्यामुळे एक गोष्ट माहीत आहे. पाचव्या स्कंधाच्या शेवटी अठ्ठावीस नरकांचं वर्णन येतं, त्यात कुंभीपाक, म्हणजे तो उकळत्या तेलाचा नरकही आहे. ते ऐकून राजा परीक्षित गप्प बसत नाही. सहाव्याच्या सुरुवातीलाच विचारतो, यातून माणूस सुटेल कसा? उत्तरात अजामिळ येतो, वाट सोडून पापात बुडालेला ब्राह्मण. मरताना धाकट्या मुलाला "नारायणा" म्हणून हाक मारतो, विष्णुदूत यमदूतांना अडवतात. लोक गोष्ट इथंच थांबवतात, 'बघा, किती सोपं' म्हणून हसतात. मला ते हसणं कधीच आवडलं नाही. ऐकणाऱ्यांत एखाद्या अजामिळाची बायकोही बसलेली असते.

पुढचा भाग मी त्याला सांगितला. अजामिळाला लगेच वैकुंठाला नेत नाहीत. तो वाचतो, आणि मग त्याला आठवतं: म्हातारे आईबाप टाकले, लग्नाची बायको टाकली. स्वतःचा धिक्कार करतो, घर सोडून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला जातो, आणि देह तिथं ठेवतो.

"म्हणजे सुटला, पण बायकोचं विसरला नाही," तो म्हणाला.

"त्या गोष्टीत तरी नाही."

"मग आमच्या आईचं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. म्हटलं, आईलाच विचारा. (झोप आणखी बिघडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं हेही ठरलं होतं, तशी वेळ आली नाही.)

तीन आठवड्यांनी आला. आई शेंगा सोलत बसली होती तेव्हा त्यानं तिला सगळं सांगून टाकलं, लहानपणी काय मागायचो तेसुद्धा. ती हात न थांबवता म्हणाली, "मीबी मागायची. घाटावरनं निरोप आला, कावळा शिवंना म्हणून, तवा बरं वाटलं मला. मग न्हाणीत जाऊन रडले. वर गच्चीवर भाताचा घास ठिवला, त्यो मातुर शिवला."

"तू सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"तुझ्या काकाला? कशाला."

आता तो चारपर्यंत झोपतो. चारला उठायची सवय फर्स्ट शिफ्टची आहे, म्हणाला.