वाचकांचे प्रश्न : आजेसासूबाईंचे गाव कोणत्या देशात शोधावे?

प्रश्न : माझे पती अमेरिकन असून त्यांच्या आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, १९०३ साली जन्मल्या आणि १९०९ साली आई व भावंडांसह अमेरिकेत आल्या. त्यांचे वडील आधीच तेथे कामाला होते. घरात सर्वजण जर्मन बोलत. मात्र १९१० च्या जनगणनेत त्यांचे जन्मस्थान हंगेरी, तर १९३० च्या जनगणनेत युगोस्लाव्हिया असे लिहिले आहे. गावाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. ‘बानात’ एवढाच शब्द घरात ऐकू येत असे. मुलांसाठी या घराण्याचा इतिहास लिहून ठेवायचा आहे. यांतील खरे काय मानावे आणि शोध कोठून सुरू करावा?

उत्तर : आपल्याला विसंगत वाटणाऱ्या तिन्ही गोष्टी बहुधा खऱ्या आहेत. १७१८ च्या पासारोव्हित्सच्या तहाने बानात हा प्रदेश ऑटोमन सत्तेकडून हाब्सबुर्गांकडे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे, आला. पुढे त्या शतकात जर्मनीतील उल्मसारख्या ठिकाणांहून डॅन्यूब नदीमार्गे अनेक शेतकरी कुटुंबे तेथे वसवण्यात आली. या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना ‘डॅन्यूब स्वाबियन’ म्हणतात. मात्र या नावावरून सर्वांचे मूळ स्वाबिया या नैर्ऋत्य जर्मनीतील प्रदेशात शोधू नये, कारण कित्येक कुटुंबे लोरेन, आल्सास आणि लक्झेंबर्गमधून आलेली होती आणि सँ ह्युबेरसारख्या काही गावांत सुरुवातीला फ्रेंच बोलली जात असे. आजेसासूबाईंचा जन्म झाला तेव्हा हा भाग हंगेरीच्या राज्यात होता. १९२० च्या त्रियानोंच्या तहानंतर बानातचा पूर्वेकडील मोठा भाग रुमानियाला, पश्चिमेकडील भाग युगोस्लाव्हियाला आणि एक लहानसा कोपरा हंगेरीकडे गेला. म्हणून १९३० ची नोंद चुकीची समजून बाजूला सारू नका. जनगणनेची उत्तरे घरातील कोणीही देत असल्याने तिला पुरावा म्हणता येणार नाही, पण गाव पश्चिम बानातात, म्हणजे आजच्या सर्बियात असावे, असा तिचा रोख आहे.

तरीही सर्बियाकडे पत्रव्यवहार करण्याची घाई करू नये. तेथील जुनी दप्तरे गावागावांनुसार आणि धर्मग्रामांनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार, ठेवलेली आहेत. केवळ आडनाव कळवून काही हाती लागत नाही. गावाचे नाव आधी अमेरिकेतील कागदांतूनच काढावे लागते. त्यासाठी १९०९ ची जहाजाची प्रवासी यादी सर्वांत उपयोगी ठरेल. १९०७ नंतरच्या याद्या दोन पानांच्या असून त्यांत मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता, अमेरिकेत ज्याच्याकडे जायचे त्याचे नाव आणि जन्मस्थान असे रकाने असत. अनेकजण पहिलेच पान पाहून थांबतात आणि गावाचे नाव नेमके दुसऱ्या पानावर राहून जाते. राष्ट्रीयत्व हंगेरियन आणि वंश जर्मन, अशी नोंद दिसल्यास गोंधळू नका. नावे हंगेरियन वळणाने, कातारिनाऐवजी कातालिन अशी, लिहिलेली असू शकतात. एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातल्या, अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही लोकप्रिय समजूत मात्र सोडून द्यावी. याद्या जहाज सुटण्याच्या बंदरावरच तयार होत. जर्मनीतील हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या बहुतांशी टिकल्या आहेत, तर ब्रेमेनच्या जवळजवळ सर्व जुन्या याद्या नष्ट झाल्या आहेत.

दुसरा कागद नागरिकत्वाचा. तो आजेसासूबाईंच्या नावाने शोधू नका. त्या काळी वडील नागरिक झाले की अज्ञान मुलांनाही नागरिकत्व मिळे, त्यामुळे अर्ज त्यांच्या वडिलांच्या नावावर असेल. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जहाज, आगमनाची तारीख आणि मुलांची जन्मस्थळे विचारलेली असत. कुटुंब ज्या जर्मन भाषक चर्चमध्ये जात असे, तेथील विवाहनोंदीही अवश्य पाहाव्यात. सरकारी दाखल्यावर नुसते ‘हंगेरी’ लिहिलेले असताना पाद्रीबाबांनी गावाचे नाव लिहून ठेवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

गाव सापडले की त्याची सर्व नावे जमवा, कारण प्रत्येक राजवटीच्या दप्तरात नाव वेगळे आहे. जर्मनांचे रुडोल्फ्सग्नाड हेच हंगेरियन कागदांतील रेझ्योहाझा आणि आजच्या नकाशावरील क्निचानिन होय. हंगेरीत नागरी जन्ममृत्यू नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ रोजी सुरू झाली, म्हणून आजेसासूबाईंचा जन्म नागरी नोंदवहीत, हंगेरियन भाषेत आणि आडनाव आधी अशा क्रमाने सापडेल. त्यांच्या आईवडिलांसाठी मात्र चर्चच्या नोंदवह्या पाहाव्या लागतील. त्यांची भाषा काळानुसार लॅटिन, जर्मन किंवा हंगेरियन असते. एकाच गावात एकाच नावाची अनेक माणसे आढळतात. अशा वेळी नावाशेजारी लिहिलेला घरक्रमांक ती वेगळी ओळखायला मदत करतो, म्हणून तो न चुकता टिपून घ्यावा.

या वह्या स्वतः वाचण्यापूर्वी त्या गावाचा ‘कुटुंबग्रंथ’ प्रसिद्ध झाला आहे का, याची चौकशी करा. विस्थापित गावकऱ्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी चर्चच्या नोंदींवरून अनेक गावांतील सर्व कुटुंबे अशा ग्रंथांत पिढीवार मांडली आहेत. जर्मनीतील झिंडेलफिंगेन येथे डॅन्यूब स्वाबियन कुटुंबांच्या संशोधकांचे मंडळ आहे. तेथे चौकशी करता येईल. ग्रंथातील माहिती संकलित असल्याने महत्त्वाच्या तारखा मूळ नोंदीशी ताडून पाहणे बरे.

गावी नातेवाईक भेटतील का, असा प्रश्न पुढे आपल्याला पडेलच. पश्चिम बानातातील जर्मनांची मालमत्ता १९४४ च्या अखेरीस जप्त झाली, मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांत हजारो मेले आणि वाचलेले पुढे मुख्यतः जर्मनी व ऑस्ट्रियात गेले. रुडोल्फ्सग्नाड येथेच अशी एक मोठी छावणी होती. त्यामुळे हयात नातलग शोधायचे असल्यास सर्बियातील गावापेक्षा, त्या गावच्या लोकांनी जर्मनीत स्थापन केलेल्या ग्रामसंघाला आधी लिहावे आणि पत्रासोबत आजेसासूबाईंच्या वडिलांचे पूर्ण नाव, जन्मवर्ष व सापडल्यास घरक्रमांक कळवावा.